लांबीखालचा पत्रा

पिंप्राळा हें एके काळीं जळगांवाशेजारचें स्वतंत्र गांव. आतां तें शहरांतच मिसळून गेलें आहे. परंतु आषाढी एकादशीच्या दिवशीं तें आपलें वेगळेपण पुन्हां मिळवितें. त्या दिवशीं विठ्ठलाचा लांकडी रथ निघतो, आणि ज्यांना पंढरपूर गांठतां येत नाहीं अशीं आसपासचीं माणसें दर्शनास लोटतात. शतकाहून जुनी ही परंपरा. रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. दोरखंड ओढणारे ओढतात, आणि चाकांखालीं लांकडी मोगरी सरकविणारे अनुभवी लोक त्याला अडवितात, वळवितात व गर्दींतून सुखरूप नेतात. रथ येण्यापूर्वीं वाटेंतील वाहनें हलवावीं लागतात, हें सांगणें नको. आमच्या एका स्नेह्यांची जुनी मोटार अशीच हलवावी लागली, आणि त्या हलविण्यांतून एक प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोटार होती प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. स्नेह्यांच्या वडिलांनीं ती घेतली, वीस-बावीस वर्षें चालविली, आणि त्यांच्या मागें ती ओट्यालगत ताडपत्रीखालीं उभी राहिली. दोन वर्षांपूर्वीं स्नेह्यांनीं तिचें एका मिस्त्र्याकडून डेंटिंग-पेंटिंग करवून घेतलें. पांढरी शुभ्र, आरशासारखी झळकणारी गाडी पाहून भुसावळचे एक हौशी गृहस्थ ती विकत घेण्यास तयार झाले. भाव ठरला, इसाराचीं बोलणीं झालीं. एकादशीच्या आदल्या दिवशीं गाडी सरकवावयाची म्हणून पाहतात तों चाकांत हवा नाहीं. जॅक लावला. गाडी वर उचलली जाण्याऐवजीं जॅकच आंत गेला. दाराखालचा पत्रा कागदासारखा फाटला, आणि त्यांतून लांबीचीं वाळलेलीं ढेकळें, गंजाचा भुगा व वर्तमानपत्राचे बोळे बाहेर पडले. मिस्त्र्यानें कुजका पत्रा कापलाच नव्हता. भोकांत कागद कोंबून, वर लांबी थापून, ती घासून गुळगुळीत करून रंग दिला होता.

त्या वेळीं आम्ही तेथें हजर होतों, आणि आम्हीं काय सल्ला दिला हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आम्ही म्हणालों, "एवढें काय त्यांत? तेवढ्या जागीं पुन्हां लांबी भरून घ्या. घेणारा हौशी आहे. वर्षांतून चार वेळां मिरविण्यापुरती गाडी काढणार." स्नेही कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या मातोश्री ओट्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या गाडींत कोणाचीं तरी लेकरें बसतील ना?" आम्ही गप्प बसलों. घरीं आल्यावर मात्र मन गप्प बसेना.

बहुतेकांची समजूत अशी असते, आणि आमचीही तशीच होती, कीं पत्रा म्हणजे मोटारीचा अंगरखा. खरी गाडी आंतली. ज्या वाहनांना खालीं जाड लोखंडी चौकट असते, उदाहरणार्थ मालमोटार किंवा जुनी जीप, त्यांच्या बाबतींत हें खरें आहे. पद्मिनीची गोष्ट निराळी. तिचें कूळ इटलीच्या फियाट ११०० ह्या गाडीचें. १९५३ सालीं त्या गाडीला जें नवें रूप मिळालें, त्यांत वेगळी चौकट काढून टाकण्यांत आली. तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर एकमेकांस जोडून त्यांचाच सांगाडा केला. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा स्वतः दुबळा असतो, पण दुमडून त्याची बंद पेटी केली कीं तिच्या अंगीं विलक्षण बळ येतें. बांबू पोकळ असून मोडत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां दाराखालची ती पेटी म्हणजे गाडीच्या अंगरख्याची किनार नव्हे, तें तिचें हाड आहे. बाजूनें धक्का बसला असतां आंतील माणसांच्या व रस्त्याच्या मध्यें तेंच उभें असतें. त्या हाडाच्या जागीं मिस्त्र्यानें रद्दी आणि भुकटी भरली होती, आणि आम्ही, चार पुस्तकें वाचलेले लोक, ती पुन्हां भरा असें सांगत होतों.

हा गंज येतो कोठून, तेंही सांगावयास हवें, कारण त्यांत आपल्या खानदेशच्या मातीचा वांटा आहे. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु एकत्र आले कीं गंज चढतो, हें शाळेंतला मुलगाही सांगेल. परंतु पाऊस पडून वाहून गेला तर पत्र्याचें फारसें बिघडत नाहीं. पाणी जेथें रेंगाळतें तेथें तो मरतो. आपली काळी माती चाकांबरोबर उडते, मडगार्डाच्या आंतील कांठांवर बसते, आणि ओलावा धरून ठेवण्याचा जो गुण कपाशीस उपकारक, तोच पत्र्याचा काळ होतो. दारांच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं बारीक भोकें ठेवलेलीं असतात. तीं चिखलानें बुजलीं कीं दार आंतून कुजूं लागतें. पुढच्या कांचेच्या रबरी पट्टीखालीं, डिकीच्या तळांत सुट्या चाकाच्या खळग्यांत, सर्वत्र हीच कथा. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखालीं फोड येतात. फोड दिसला तेव्हां आंतील काम बहुधा होऊन गेलेलें असतें. शिवाय आमच्या मिस्त्र्यानें थापलेली लांबी स्वतःच ओल शोषून घेते, आणि ती पत्र्याशीं नेऊन भिडविते. म्हणजे रोगावर घातलेलें पांघरूणच रोगाला पोसतें.

खरी दुरुस्ती कशी करतात, तें पुढें दोन महिने आम्हीं त्याच अंगणांत पाहिलें. कारण स्नेह्यांनीं ती घरींच करावयाचें ठरविलें, आणि एक वयोवृद्ध मिस्त्री, जे आतां दुकान चालवीत नाहींत, ते सकाळच्या वेळीं येऊं लागले. प्रथम त्यांनीं पेट्रोलची टांकी उतरवून दूर नेली. मग रंग खरवडला, तो दिसे तेथपर्यंत नव्हे, तर टणक, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. हातोडीच्या टोकानें ते पत्र्यावर टिचक्या मारीत जात आणि कान देऊन ऐकत. निरोगी पत्रा खणखणतो, कुजका भद्द बोलतो. कुजका भाग कापतांना त्यांना दयामाया नव्हती. पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो जागेवर बसवून, तसाच वीस गेजचा नवा पत्रा त्यांनीं घडविला. जोडतांना एका दमांत डाग देत नेला तर पातळ पत्रा उष्णतेनें वेडावांकडा होतो. म्हणून एक टिपका येथें, दुसरा वीतभर दूर, मग थांबून गार होऊं द्यावयाचें, अशी त्यांची रीत. एका सकाळीं हातभर जोडही पुरा होत नसे. पोचे काढतांना एका हातांत हातोडी आणि आंतल्या बाजूनें दुसऱ्या हातांत लोखंडी ठोकळा. पोच्याच्या मधोमध ठोकावयाचें नाहीं, कडेनें सुरुवात करून मध्याकडे यावयाचें. आम्ही विचारलें, "असें कां?" ते म्हणाले, "पत्रा जसा आंत गेला तसाच बाहेर येतो, साहेब. शेवटीं जें बिघडलें तें आधीं सुधारावें लागतें."

आणि ह्या मिस्त्र्यांनीं शेवटीं लांबी लावलीच! आम्हांस हंसूं आलें. पण त्यांनीं लावली ती कागदाएवढी पातळ, ठोकलेल्या खुणा बुजविण्यापुरती, आणि लगेच वर अस्तराचा हात देऊन ती ओलीपासून झांकून टाकली. लांबी ही वस्तु मुळांत अप्रामाणिक नाहीं, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. भिंतीला गिलावा देतात त्यांत कोणी कोणास फसवीत नाहीं; पण गिलावा भिंतीवर द्यावयाचा असतो, भिंतीच्या जागीं नव्हे.

पहिल्या मिस्त्र्यास दोष देऊन मोकळें होणें सोपें होतें, आणि प्रथम सर्वांनीं तेंच केलें. पण मागाहून स्नेह्यांनींच एक गोष्ट सांगितली. त्या मिस्त्र्यानें काम हातीं घेतांना विचारलें होतें, "कापून करूं, कीं वरून करूं?" कापून करण्याचा खर्च तिप्पट होता. स्नेही म्हणाले होते, "दिसायला चांगली झाली म्हणजे झालें." मग लबाडी कोणाची? चकाकी मागणारा गिऱ्हाईक आणि चकाकी विकणारा कारागीर, ह्या दोघांमध्यें तो व्यवहार चोख झाला होता. फसविला जाणार होता तो तिसरा, जो त्या बोलण्याच्या वेळीं हजरच नव्हता: भुसावळचा गृहस्थ, आणि त्याच्या मागच्या आसनावर बसणारीं मुलें. आमच्या मतें पुष्कळशा सभ्य माणसांच्या हातून घडणारीं पापें ह्याच जातीचीं असतात. समोरच्याला आपण फसवीत नाहीं, म्हणून आपण निर्मळ आहोंत असें आपल्याला वाटतें. आणि जो समोर नाहीं त्याचा हिशेब कोणाच्याच वहींत नसतो.

इंग्रज ग्रंथकार रस्किन ह्यानें १८४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत जुन्या इमारतींच्या पुनरुद्धाराला सरळ असत्य ठरविलें आहे. जुनी इमारत सांभाळा, टेकू द्या, पण तिला पुन्हां तरुण करण्याचें सोंग आणूं नका, असा त्याचा आग्रह. फ्रान्समध्यें त्याच काळीं व्हियोले-ल-द्युक हा शिल्पज्ञ नेमकें उलटें करीत होता. इमारत पूर्वीं कधीं नव्हती इतकी संपूर्ण करण्यांत त्याला गैर वाटत नसे. पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरावर १८५९ सालीं चढविलेलें शिखर त्याचेंच. २०१९ च्या एप्रिलमध्यें आगींत तें कोसळलें, तेव्हां जग हळहळलें, आणि पुन्हां तेंच शिखर जसेंच्या तसें उभारून डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर उघडण्यांत आलें. एकोणिसाव्या शतकांतील एका माणसाची भर एकविसाव्या शतकांत 'मूळ' म्हणून गणली गेली! रस्किन हयात असता तर त्यास काय वाटलें असतें, ह्याची कल्पना करवत नाहीं.

आमच्याकडे ह्या बाबतींत इतकी ओढाताण नाहीं. अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचा विधि सांगितला आहे. जीर्ण झालेली मूर्ति विधिपूर्वक विसर्जन करून तिच्या जागीं नवी स्थापावी, असें त्यांत आहे. पुरीच्या जगन्नाथाचें लांकडी कलेवर अधिक आषाढ येतो त्या ठराविक वर्षीं बदलतात. अलीकडचें नवकलेवर २०१५ सालीं झालें. तेथील रथ तर दरवर्षीं नव्यानें घडवितात. ग्रीकांत प्लूटार्कनें थीसियसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेवली आहे: एकेक फळी बदलतां बदलतां सारें जहाज नवें झालें, मग तें तेंच कीं दुसरें? आणि आमच्याकडे 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु रथांत बसून आलेल्या मिलिंद राजाला विचारतो, कीं रथ म्हणजे आंस काय, चाक काय, कीं जूं काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. अखेर असें ठरतें कीं हे सारे भाग अमुक रीतीनें एकत्र असले म्हणजे त्यांना लोक जें नांव देतात तें 'रथ'. पिंप्राळ्यास बसून हा संवाद आठवला म्हणजे गंमत वाटते. रथ तोच कीं नवा, हा प्रश्न मोगरी सरकविणाऱ्यास कधींच पडला नसेल. चाक कोठें वळतें आहे ह्याकडे त्याचें लक्ष असतें.

परंतु स्नेह्यांच्या घरांत हा प्रश्न पुस्तकी राहिला नाहीं. गाडी उघडी पडली आणि घरांत तीन पक्ष झाले. स्नेह्यांना ती वडिलांच्या वेळीं होती तशी हवी होती. त्यांचा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्याला चाकांवरच्या कमानी कापून रुंद चाकें बसवावयाचीं होतीं, गाडी जमिनीलगत आणावयाची होती आणि तिला चकाकी नसलेला काळा रंग द्यावयाचा होता. आजीचें म्हणणें एवढेंच कीं डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डावरचा पोचा कोणी काढूं नये. तो पोचा आजोबांच्या हातचा. मुलीला, म्हणजे स्नेह्यांच्या बहिणीला, बाळंतपणासाठीं रात्रीं दवाखान्यांत नेतांना फाटकाच्या खांबाला गाडी घांसली होती. पहिल्या मिस्त्र्यानें त्यावरही लांबी भरून तो दिसेनासा केला होता. रंग खरवडल्यावर तो पुन्हां उघडा पडला, आणि आजी काठी टेकीत अंगणांत उतरून त्यावर हात फिरवून गेल्या.

नातवाची कल्पना ऐकून आमच्या कपाळावर आंठ्या पडल्या, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्यानें एक प्रश्न विचारला, त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तो म्हणाला, "वडिलांना जशी होती तशी हवी, पण म्हणजे केव्हां होती तशी?" गाडी कारखान्यांतून आली तेव्हां फिकट निळी होती. पारा पंचेचाळीस अंशांवर चढणाऱ्या ह्या जिल्ह्यांत पांढरा रंग बरा, म्हणून आजोबांनींच ती पांढरी करविली. मळ्यांतून केळीचे घड आणण्यासाठीं छपरावर कॅरिअर चढविलें तेंही त्यांनींच. आणि कारखान्यांतलें रूप तरी कोणतें मूळ? आंखणी इटलीची, घडण मुंबईच्या कुर्ल्याची, आरंभींचें नांव फियाट, पुढें १९७४ च्या सुमारास पद्मिनी. जी वस्तु जन्मभर बदलत आली, तिचा नेमका कोणता क्षण आम्ही पवित्र मानणार आहों?

कायद्याचें उत्तर त्या मानानें सरळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखानदारानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तें उचलून धरलें. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षें पुरीं झालेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते, पण चौकट, पत्र्याचें कवच किंवा इंजिन ह्यांत मोठे फेरफार केलेले नसले तरच. ही पद्मिनी २०२८ सालीं पन्नाशी गांठील. नातवानें कमानी कापल्या तर ती वाट बंद. हें ऐकून तो थोडा नरमला. तरी कायद्याच्या भीतीनें मिटलेला वाद मिटला असें आम्ही मानीत नाहीं.

आम्ही स्वतः पुष्कळ विचारानंतर अशा मताला आलों आहों, कीं लोखंडाविषयीं आपलें कांहींही कर्तव्य नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवर ह्या गाड्यांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी हजारोंनीं धांवल्या आणि भंगारांत गेल्या. शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्यें वयोमर्यादा भरून निवृत्त झाली. त्या भंगारांत गेल्यामुळें कोणावर अन्याय झाला नाहीं. कर्तव्य आहे तें माणसांविषयीं: जो ती विकत घेईल, जो तींत बसेल, जो तिच्याकडे पाहून कोणाला तरी आठवेल. ह्या कसोटीवर नातवाची हौस सर्वस्वीं टाकाऊ ठरत नाहीं. रथालाही आम्ही दरवर्षीं फुलें, केळीचे खांब आणि दिवे लावून नटवितों. दुसऱ्या दिवशीं तें सारें उतरतें आणि रथ उरतो. आजोबांचें कॅरिअरही छपराच्या पन्हळीला चापांनीं अडकविलेलें होतें. काढलें तर भोकही दिसत नाहीं. कमान कापली कीं मात्र ती कापलीच. पुढच्याला निवड करतां येईल एवढें मागें ठेवावें, इतकेंच आमचें नातवाशीं भांडण होतें. पण ह्या नियमानें आजोबांचा पांढरा रंग अडचणींत येतो, हेंही आम्हांस दिसतें. त्याखालचा निळा त्यांनीं घासून काढविला होता.

माणसांच्या ह्या यादींत एक नांव आम्ही विसरलों होतों, तें शेजारच्या बाईंनीं आठवून दिलें. जुना रंग कोरडा घासूं लागले तेव्हां धूळ त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उडाली. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो; तेव्हांपासून पाणी लावून घासण्यास आरंभ झाला. आणि आतांचे टिकाऊ रंग दोन घटक मिसळून फवारतात, त्यांतील एकांत आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या फवाऱ्यानें दमा जडतो. घरच्या अंगणांत, दहा पावलांवर मुलें खेळत असतां तें फवारणें म्हणजे पुन्हां तोच हजर नसलेला तिसरा माणूस. पत्र्याचें काम घरीं आणि रंग औद्योगिक वसाहतींतील बंदिस्त खोलींत, असें ठरलें.

भुसावळच्या गृहस्थांना स्नेह्यांनीं पहिल्याच आठवड्यांत फोन करून सारें सांगितलें. ते येऊन गेले. फाटलेल्या पेटींत बोट घालून त्यांनीं आंतला कागद ओढून पाहिला, चहा घेतला, आणि सौदा मोडला असें न म्हणतां निघून गेले; त्यानंतर त्यांचा निरोप नाहीं. दोन महिन्यांची मजुरी आणि रंगाचा खर्च मिळून जी रक्कम झाली, तींत तशीच दुसरी गाडी सहज आली असती, असें स्नेह्यांच्या पत्नीनें आम्हांस ऐकविलें. तें खरेंही असावें.

रंग कोणता द्यावा, ह्यावर घरांत अजून एकमत नाहीं. गाडी करड्या अस्तरांत उभी आहे, आणि नातवानें तूर्त रुंद चाकांऐवजीं निळ्या रंगाचे चार नमुने एका पत्र्याच्या तुकड्यावर लावून भिंतीला टेकवून ठेवले आहेत. मडगार्डावरचा पोचा तसाच ठेवला. गंजूं नये म्हणून आंतबाहेर अस्तर दिलें, एवढेंच. ह्यावरून वृद्ध मिस्त्री मात्र रागावले. एवढें सारें काम आरशासारखें करून समोरच एक पोचा सोडला, तर लोक आपल्याला काय म्हणतील, असा त्यांचा प्रश्न. आजींनीं समजूत घातली, चहा पुढें केला. शेवटीं, ही गाडी कोणी केली असें कोणी विचारलें तर आपलें नांव सांगूं नये, ह्या अटीवर ते उरलेलें काम पुरें करण्यास कबूल झाले.